दर हंगामाला नवा क्लब: करिअर की भटकंती?

प्रश्न: आम्ही कोल्हापूरचे. मुलगा १९ वर्षांचा, एस.वाय. बी.कॉम.ला आहे. तो फुटबॉल खेळतो, स्ट्रायकर (गोल करणारा पुढच्या फळीतला खेळाडू) आहे. दोन वर्षं पेठेतल्या तालमीच्या सिनियर फुटबॉल संघातून खेळतोय (इथे तालमींचेच संघ असतात). आता गोवा प्रोफेशनल लीगमधल्या एका क्लबाने दहा महिन्यांचा करार देऊ केलाय. महिना २० हजार, राहणं-जेवण क्लबकडे. कराराची मुख्य पानं जोडली आहेत. ओळखीचे एक गृहस्थ ट्रायल लावून देतो म्हणून ३० हजार मागतायत. त्याचा एक मित्र असाच गेला होता. चार वर्षांत तीन क्लब झाले आणि सध्या तो घरीच आहे. माझे यजमान म्हणतात, दरवर्षी क्लब बदलतो तो खेळाडू कुणालाच नको असतो. हे करिअर म्हणायचं की भटकंती? (एक आई)

उत्तर: ताई, नमस्कार.

यजमान नोकरीच्या हिशेबाने बोलतायत, आणि त्या हिशेबाने त्यांचं बरोबर आहे. चार वर्षांत तीन कंपन्या बदललेला माणूस मुलाखतीला आला की समोरच्याच्या भुवया वर जातातच. पण फुटबॉलमध्ये कायम कुणीच नसतं. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा करार जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो आणि कमीत कमी त्या हंगामाच्या अखेरीपर्यंतचा. आपल्याकडे खालच्या लीगमध्ये बहुतेकदा एकाच हंगामाचा. म्हणजे हंगाम संपला की चांगला खेळलेलाही मोकळा आणि वाईट खेळलेलाही मोकळा.

सुनील छेत्रीचंच बघा. तो बंगळुरू एफसी क्लबाचा म्हणून आपल्या डोक्यात पक्का बसलाय, पण २०१३ साली तिथे पोहोचेपर्यंत मोहन बागान, जेसीटी, ईस्ट बंगाल, डेम्पो, अमेरिकेतला कॅन्सस सिटी, चिराग युनायटेड, पुन्हा मोहन बागान, पोर्तुगालमधल्या स्पोर्टिंगचा राखीव संघ आणि लोनवर (उसना म्हणून) चर्चिल ब्रदर्स एवढं सगळं झालं होतं. मध्ये २००९ साली इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्सशी बोलणं ठरलं होतं, पण भारताचं फिफा रँकिंग खाली म्हणून वर्क परमिट मिळालं नाही. यात त्याच्या खेळाचा काय दोष? तुमच्याच गावचा अनिकेत जाधव घ्या. २०१७ चा १७ वर्षांखालील विश्वचषक खेळला, मग इंडियन ॲरोज, जमशेदपूर, हैदराबाद आणि पुढेही क्लब बदलत राहिला. त्याला शाहू स्टेडियमवर कुणी ‘नको असलेला’ म्हणून दाखवावं!

शिवाय खेळाडू क्लब सोडतो तसे क्लबही खेळाडूला सोडून जातात. पुण्यातच बघा. पुणे एफसी आणि भारत एफसी २०१५ मध्ये गेले, डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये, एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये. त्या पुणे सिटीच्या जागी आलेला हैदराबादचा संघही २०२५ मध्ये दिल्लीला हलला. २०२५ च्या जुलैत तर इंडियन सुपर लीगचा (आयएसएल, देशातली वरची लीग) अख्खा हंगामच लटकला आणि छेत्रीच्या बंगळुरूने ऑगस्टमध्ये खेळाडूंचे पगार थांबवले. अशा वेळी बायोडेटातला क्लबांचा आकडा मोजून खेळाडूची पारख होत नाही.

मग कशावरून होते? मिनिटांवरून. हंगामात किती सामने, त्यात किती वेळ मैदानावर आणि किती गोल. मुलाच्या मित्राला एवढंच विचारा: तीन क्लबांत मिळून किती मिनिटं खेळलास? उत्तर बहुधा तिथेच मिळेल. मोठ्या नावाच्या क्लबात वर्षभर बेंचवर बसलेल्या पोरापेक्षा लहान क्लबात वीस सामने खेळलेल्याला पुढच्या ट्रायलला आधी बोलावतात.

स्ट्रायकरचं दुखणं जरा वेगळंही आहे. चार सामने गोल झाला नाही की जानेवारीच्या विंडोत (क्लबांना खेळाडू बदलायची मुदत) आधी त्याचीच बदली शोधतात. तसंच ज्या संघाचे गोल आटलेत तो जानेवारीत आधी स्ट्रायकरच शोधत फिरतो. जायची घाई त्याचीच आणि बोलावणंही त्यालाच. बार्थोलोम्यू ओगबेचे हे याचं आपल्याकडचं ठळक उदाहरण. नायजेरियाचा हा खेळाडू पॅरिसच्या पीएसजी क्लबात सुरुवात करून १७ व्या वर्षी २००२ चा विश्वचषक खेळला. मग फ्रान्स, स्पेन, ग्रीस, इंग्लंड, नेदरलँड्स असा हिंडत २०१८ मध्ये भारतात आला. चार हंगामांत चार क्लब: नॉर्थईस्ट, केरळ, मुंबई सिटी, हैदराबाद. २०२१ च्या मार्चमध्ये गोव्यात फातोर्डाला मुंबई सिटीसोबत आयएसएल जिंकला. पुढच्या हंगामात मुंबईत नव्हताच. हैदराबादला गेला, १८ गोल करून सर्वाधिक गोलांचा मानकरी झाला आणि तिथेही विजेतेपद! तेव्हा त्याचं वय ३७.

आता कडू भाग. हे उदाहरण परदेशी खेळाडूचं आहे, आणि नेमकी तीच तुमच्या मुलाची अडचण आहे. २०१४ पासून २०२४-२५ पर्यंत आयएसएलमध्ये सर्वाधिक गोलांचा मान एकाही भारतीयाला मिळालेला नाही. २०२४-२५ मध्ये मोरोक्कोच्या अजराईने २३ गोल केले. भारतीयांत पुढे होता छेत्री, १४ गोल, आणि तोही चाळिशीचा! क्लबांना गोलची घाई असते, म्हणून मधल्या स्ट्रायकरच्या जागेवर पैसे परदेशी माणसावर लावतात आणि आपलं पोरगं विंगवर, म्हणजे कडेला, जातं किंवा सत्तराव्या मिनिटाला बदली खेळाडू म्हणून येतं. तालमीही आफ्रिकन फॉरवर्ड आणतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. तेव्हा गोव्याच्या क्लबाला आधी हे विचारा, की पुढच्या फळीत आणखी कुणाला घेतलंय आणि आमचा मुलगा मध्ये खेळणार की कडेला? कडेला म्हणाले तर लगेच नाही म्हणू नका. मुलाला डाव्या पायाने क्रॉस (कडेवरून गोलसमोर चेंडू) टाकायची सवय आहे का, ते मात्र बघा.

खालच्या लीगमधून वर येता येतं का, हा तुमच्या पत्रातला न लिहिलेला प्रश्न. येतं, पण क्वचित आणि उशिरा. लिव्हरपूलचा रिकी लॅम्बर्ट १५ व्या वर्षी लिव्हरपूल क्लबाने सोडला. पुढे ब्लॅकपूलनेही सोडला. मग तो बीटच्या कारखान्यात बरण्यांना झाकणं लावायला गेला, रोज २० पौंड मजुरी. तिथून मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स. ही नावं आपल्याकडच्या प्रीमियर लीगवाल्या पोरांनीही फारशी ऐकलेली नसतात. २००९ मध्ये साउदॅम्प्टनने घेतला तेव्हा तो क्लब तिसऱ्या पातळीवर होता. तीन वर्षांत क्लब प्रीमियर लीगमध्ये आला, लॅम्बर्टसकट. २०१३ च्या ऑगस्टमध्ये वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध इंग्लंडकडून पहिल्यांदा उतरला आणि पहिल्याच स्पर्शात हेडरने गोल केला. वय ३१. वर्षभराने ज्या लिव्हरपूलने सोडला होता त्यांनीच पुन्हा घेतला. ही गोष्ट मुलाला जरूर सांगा, पण झाकणं लावण्याचा भाग गाळू नका. आणि इंग्लंडमध्ये चौथ्या पातळीवरही पूर्णवेळ पगारी क्लब आहेत, आपल्याकडे तेवढी उतरंडच नाही, हेही सांगा.

आता करार. तुम्ही पाठवलेल्या पानांत एक ओळ मला खटकली: क्लबाची इच्छा असल्यास त्याच अटींवर आणखी दोन हंगाम मुदतवाढ. इच्छा फक्त क्लबाची, मुलाची नाही. म्हणजे तो नाही चालला तर मे महिन्यात घरी आणि चालला तर २० हजारांतच तीन वर्षं. ही ओळ काढून घ्या. अगदीच ऐकत नसतील तर एकाच हंगामाची मुदतवाढ, वाढीव पगाराचा आकडा लिहून आणि कळवण्याची तारीख घालून. ‘तोंडी सांगतो, काळजी करू नका’ म्हणणारा मॅनेजर पुढच्या वर्षी त्या क्लबात असेलच असं नाही.

दुखापतीबद्दल पानांत एक अक्षर नाही. गुडघ्याचं लिगामेंट फाटलं तर हंगाम गेला. शस्त्रक्रियेचा आणि फिजिओचा खर्च कुणाचा आणि त्या काळात पगार चालू राहणार का, हे लिहूनच घ्या. पगार बँकेत जमा व्हायला हवा, रोख नको. दोन महिन्यांचे पगार थकले तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन करार मोडायची सोय फिफाच्या नियमांत आहे, पण थकबाकी दाखवायला कागद लागतो. ट्रायल लावून देतो म्हणून ३० हजार मागणारा जो ओळखीचा गृहस्थ तुम्ही लिहिलाय, त्याला एक पैसा देऊ नका. क्लब स्वतः करार देतोय, मध्ये त्याचं काय काम? एजंट हवाच असेल तर फिफाचा परवाना आहे का ते बघा.

शिक्षण सोडायची गरज नाही, पण कोल्हापुरातल्या कॉलेजची हजेरी गोव्यातून भरणार नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठात बी.कॉम. पुढे नेता येईल का, याची चौकशी याच महिन्यात करा. सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, रेल्वे आणि सैन्यदलातही खेळाडूंची भरती होते, पण त्यासाठी राज्य किंवा राष्ट्रीय पातळीवरची मान्य स्पर्धा लागते. तालमीच्या चषकांनी कपाट भरेल, अर्ज भरणार नाही.

माझं मत विचाराल तर मुदतवाढीची ओळ निघाली आणि दुखापतीचं लिहून मिळालं तर पाठवा. १९ व्या वर्षी घरापासून चार-पाच तासांवर, राहण्या-जेवणाची सोय आणि दर आठवड्याला सामना, ही वाईट सुरुवात नाही. ओळ निघाली नाही तर या हंगामात तालमीतच राहू द्या. पुढच्या वर्षी ट्रायल पुन्हा होतील. २४ व्या वर्षापर्यंत काय होतंय ते दर मे महिन्यात मिनिटं आणि बँकेचं पासबुक समोर ठेवून तिघांनी बसून बघा. यजमानांनाही त्या बैठकीत घ्या, त्यांचे प्रश्न उपयोगी पडतील.

सुधारित मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठवा. पगाराचा आकडा झाकलात तरी चालेल, मुदतीचं पान मात्र पूर्ण हवं.