'पोटॅटो ईटर्स'मध्ये मित्रांचे चेहरे: आधी बल्ब टांगा

भाऊ, तुम्ही टाकलेलं चित्र पाहिलं. दर्यापूरकडच्या पाच दोस्तांना डच चित्रकार व्हॅन गॉगच्या 'पोटॅटो ईटर्स' (बटाटे खाणारे) या चित्रामध्ये बसवायचं आणि त्यातल्याच एकाच्या वास्तूला ती फ्रेम द्यायची, कल्पना झकास आहे. पण चेहरे वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या 'शुभेच्छुक' मंडळींसारखे चिकटवलेले दिसतात हे तुमचं म्हणणंही खरं. कोणतं ॲप चांगलं, असं तुम्ही विचारलंय. ॲप कोणतंही घ्या, हे फोटो चालायचे नाहीत. नवीन काढा.

अडचण उजेडाची आहे. 1885 सालचं हे चित्र नेदरलँड्समधल्या न्यूनेन गावच्या शेतकरी कुटुंबाचं. टेबलावर टांगलेला एकच दिवा, बाकी सगळा अंधार. म्हणून डावीकडे बसलेल्यांच्या तोंडावर उजेड उजवीकडून येतो, उजवीकडच्यांवर डावीकडून, आणि सगळ्यांवर थोडा वरून. तुमचे फोटो धुऱ्यावर उन्हाकडे तोंड करून काढलेले. चेहरे सपाट उजळलेत, सावली कुठेच नाही. रंग कॉम्प्युटरवर बदलता येतो. सावलीची बाजू बदलायला गेलात तर चेहराच नव्याने रंगवावा लागेल.

तेव्हा रात्री कोठ्यात किंवा स्वयंपाकघरात एक पिवळा बल्ब टांगा, बसलेल्यांच्या डोक्यापेक्षा हातभर वर. खाली टेबल, नसेल तर बाज. बाकीचे दिवे बंद, मोबाइलचा फ्लॅश बंद, ब्यूटी मोड तर हमखास बंद. लोडशेडिंग असेल तर चार्जिंगचा कंदीलही चालतो, त्याचा पांढरेपणा नंतर काढता येतो. सगळ्यांना चित्रातल्या जागांवर बसवा. तुम्ही सात-आठ फूट मागे, स्टुलावर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, आणि दुप्पट झूम. जवळून काढलं की नाकं मोठी येतात. चित्र समोर उघडं ठेवून मान किती वळली आहे, नजर कुठे आहे, ते एकेकाचं जुळवून घ्या. कॅमेऱ्याकडे कोणी पाहायचं नाही. त्या टेबलावरही आपल्याकडे कोणी पाहत नाही.

आणि चेहरे चारच लागतील. पुढे बसलेल्या मुलीची पाठ आहे. वर्गणीच्या वेळी जो कायम मागे सरकतो त्याला ती जागा द्या, बाकीचे चौघे खूश होतील.

हातांचेही फोटो घ्या. हे सहसा कोणी करत नाही, आणि या चित्रात तर हातच महत्त्वाचे. ताटातले बटाटे खाणाऱ्या याच हातांनी जमीन खणली आहे हे दिसलं पाहिजे, असं व्हॅन गॉगने थिओ या आपल्या भावाला पत्रात लिहिलं होतं. तुमचे दोस्त कापूस वेचणारे, डवरणी करणारे. त्यांचे हात तिथे शोभतील. हातात चमचा देऊन फोटो काढा, काटा मूळ चित्रातला ठेवा. टोप्या मात्र बदलू नका. डच टोपीखाली आपल्या गावचा चेहरा, गंमत तीच आहे. भुवईपासून हनुवटीपर्यंतच बदला.

आता कॉम्प्युटर. गिंप हे फोटो-एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते पुरतं. चित्राची मोठी फाइल विकिमीडिया कॉमन्स या मोफत चित्रांच्या साइटवर मिळते. व्हॅन गॉग 1890 मध्ये वारला, कॉपीराइटचा प्रश्न नाही. फोटो आधी चित्रातल्या चेहऱ्याच्या मापाला लहान करा, मगच पुढचं काम. खोडरबर वापरू नका, लेयर मास्क (थराचा नको तो भाग न पुसता झाकणारा पडदा) लावा आणि कडा मऊ ब्रशने विरवा. सावलीकडची कड तर जवळजवळ हरवलीच पाहिजे.

रंगासाठी माझी ठरलेली पद्धत: मूळ चेहऱ्याची कॉपी काढायची, ती गॉशियन ब्लरने पार पुसट करायची, मित्राच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि लेयरचा मोड 'एलसीएच कलर' (खालची उजेड-सावली तशीच ठेवून फक्त रंग देणारा) करायचा. त्या काळपट, मातकट छटा आपोआप उतरतात. चेहऱ्यांचा रंग न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्यासारखा झालाय असं व्हॅन गॉगने स्वतःच लिहून ठेवलंय, तेव्हा गोरं करण्याचा मोह टाळा. मग कर्व्ह्ज (उजळपणा-गडदपणा कमीजास्त करायचं साधन) उघडून चेहऱ्यातला सगळ्यात गडद भाग चित्रातल्या गडद भागाशी जुळवा. तिथे निव्वळ काळा नाही, हिरवट तपकिरी आहे.

शेवटी ब्रशचे फटकारे. मोबाइलचा फोटो फार धारदार असतो, म्हणून आधी हलका मिडियन ब्लर द्या. मग मूळ चित्रावर 'वेव्हलेट डिकंपोज' हे फिल्टर चालवा, ते चित्राचे बारीक-जाड तपशील वेगवेगळ्या थरांत काढून देतं. त्यातले सगळ्यात बारीक दोन-तीन थर म्हणजे रंगाचा खरबरीतपणा. ते थर 'ग्रेन मर्ज' (पोत खालच्या थरात मिसळणाऱ्या) मोडमध्ये चेहऱ्यावर ठेवायचे, पण फक्त गाल-कपाळाच्या जागचे. डोळ्यांजवळचे घेतलेत तर न्यूनेनच्या माणसाचे डोळे तुमच्या दोस्ताच्या डोळ्यांवर उमटतात आणि तो चार डोळ्यांचा दिसतो.

चेहरा बदलणारी एआय ॲप्स हे सगळं मिनिटात करतात, पण माणूस गुळगुळीत करून टाकतात. ज्याला भेट द्यायची त्याच्या आईने ओळखलं नाही तर काय उपयोग?

प्रिंट फ्लेक्सवर काढू नका, बारीक पोत सगळा जातो. कॅनव्हास किंवा मॅट पेपर घ्या. वीस इंच रुंदीला चार हजार पिक्सेल असले तरी भागतं. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. चित्र मुळात अंधारं, छापताना आणखी गडद होतं, म्हणून मधल्या छटा थोड्या उजळून स्टुडिओतून आधी एक लहान प्रिंट काढून घ्या. फ्रेमला चकचकीत काच नको, मॅट लॅमिनेशन सांगा. नाहीतर हॉलमध्ये टांगल्यावर दोस्तांपेक्षा समोरची ट्यूबलाइटच जास्त दिसेल.