जुन्या घराचं वायरिंग बदलायची वेळ आली, हे कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की घर ३५ वर्षांचं आहे, गिझर लावला की १६ अँपियरचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो आणि वायरमन म्हणतो, ३२चा टाकू, वायरिंगला हात लावायला नको.

३२चा अजिबात नको. एमसीबी गिझरसाठी नसतो, वायरीसाठी असतो. अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पाइपातून गेली की साधारण २० अँपियर सोसते. ३२चा एमसीबी ३६ अँपियरवर तासभर ढिम्म हलत नाही. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे भिंतीत तिपटीहून जास्त ताप आणि बोर्डावर सगळं आलबेल! एमसीबी पडायचा थांबला याला दुरुस्ती म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले.

'तांबं कधी खराब होतं का?' हाही त्यांचाच ठेवणीतला मुद्दा. तांबं नाही, त्यावरचं पीव्हीसीचं (प्लास्टिकचं) वेष्टण खराब होतं. ते ७० अंशांपर्यंतचं. सतत त्याच्या वर तापलं की कडक होतं.

मेन बंद करा, इन्व्हर्टरही. टेस्टर लावून खात्री करा आणि गिझरचा बोर्ड उघडा. स्क्रूजवळ दोन बोटं वायर तपकिरी, कडक दिसली तर लगेच घाबरू नका, ढिला स्क्रूही तेवढं करतो. वायर थोडी बाहेर ओढून आणखी चार बोटं मागे हलकेच वाकवा. तिथे मऊ असेल तर टोक कापून नव्याने आवळा, सॉकेट बदला. तिथेही चिरली तर पाइपात शेवटपर्यंत तशीच आहे असं धरा. चिकटपट्टीने ती बरी होत नाही. कापडी वेष्टणाची रबरी वायर निघाली तर वाकवायच्याही फंदात पडू नका, बदलाच.

वयापेक्षा मेगरचं ऐका, म्हणजे वायरीचं वेष्टण किती शाबूत आहे ते मोजणाऱ्या मीटरचं. उपकरणं काढून, दिवे उतरवून, लाइनीचा न्यूट्रल सोडवून ५०० व्होल्टवर फेज आणि न्यूट्रल एकत्र अर्थशी मोजून घ्या. १ मेगाओमच्या खाली आली ती लाइन बाद. एकच खाली असेल तर तेवढीच बदला, अख्खं घर कशाला फोडायचं? अर्थिंगची वायरच नसेल तर मात्र मेगर काहीही दाखवो, सगळं नवीन. तोवर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

हो, एक राहिलं. ३००० वॅटचा गिझरही १३ अँपियरच घेतो, १६चा पडायला नको. त्याच लाइनवर इस्त्री किंवा ओव्हन आहे का, एमसीबीचा स्क्रू ढिला होऊन तोच तापतोय का, ते बघा. तसं असेल तर वायरिंग ठणठणीतही निघेल. तरी ३२चा नकोच.