बोट हिवाळ्यात शाकारायची (झाकून ठेवायची) की चालवायची?

प्रश्न: आम्ही नवरा-बायको, मूळचे ठाण्याचे, आता साउथॅम्प्टनला असतो. या उन्हाळ्यात २३ फुटी सेकंडहँड शिडाची बोट घेतली, दोघांचाही बेसिक कोर्स झालाय. मरीनाचं (बोटी बांधायच्या जागेचं) भाडं वर्षाचं भरलंय, पण आता ऑक्टोबर संपत आला आणि शेजारचे सगळे बोटी क्रेनने उचलून यार्डात ठेवायला लागलेत. आम्हाला वाटतं भाडं भरलंच आहे तर हिवाळाभर चालवूया. वेडेपणा आहे का हा?

उत्तर: अजिबात नाही. सोलंटमध्ये, म्हणजे तुमच्या साउथॅम्प्टनसमोरच्या सामुद्रधुनीत, हिवाळी सेलिंग करणारे भरपूर आहेत, हँबल नदीवर तर ऑक्टोबरपासून रेसची अख्खी हिवाळी सिरीज असते, आणि तिकडे लंडनजवळ क्वीन मेरी जलाशयावर जानेवारीत 'ब्लडी मेरी' नावाची डिंगींची (छोट्या उघड्या बोटींची) रेस होते तिला पार लांबून लोक बोटी गाडीमागे बांधून येतात. तेव्हा बोट चालवा. फक्त एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, आणि ती आपल्या लोकांना जरा जास्तच बसवावी लागते असं माझं मत आहे.

कारण आपल्याकडे कॅलेंडर उलटं आहे ना. कोकणात होड्या शाकारतात त्या पावसाळ्यात, नारळी पौर्णिमा झाली की परत पाण्यात, आणि डिसेंबर-जानेवारी म्हणजे तर ऐन सीझन, पहाटे मतलई वारा, दुपारी खारा वारा, समुद्र शांत. हिवाळा म्हणजे होडीचे दिवस हे आपल्या अंगात मुरलेलं असतं. त्यात जानेवारीतला एखादा लख्ख उन्हाचा दिवस, पाणी निळंशार, वारा १० नॉट (ताशी सागरी मैल), सोलंट अगदी मांडव्यासारखा दिसतो. पण अरबी समुद्राचं पाणी हिवाळ्यातही साधारण २४-२५ अंशांच्या खाली जात नाही आणि सोलंटचं फेब्रुवारीत ७-८ अंशांवर येतं. आणि पाणी सगळ्यात गार डिसेंबरात नसतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये असतं, म्हणजे डॅफोडिल्स उमलतात, लोक जॅकेटं काढतात, नेमकं तेव्हा.

म्हणून कपडे हवा बघून घालू नका, पाणी बघून घाला.

त्या पाण्यात माणूस पडला तर काय होतं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेकांना वाटतं की थंडीने हळूहळू गोठून मरतो. तसं नसतं. गॉर्डन गीसब्रेख्ट म्हणून कॅनडातले प्राध्यापक आहेत, स्वतः बर्फाच्या पाण्यात उतरून अभ्यास केलेले, त्यांचं १-१०-१ असं सूत्र आहे. पहिलं १ मिनिट श्वासाचं: अंग पाण्याला लागताच आपोआप मोठा श्वास आत ओढला जातो, मग धापा लागतात, कितीही पट्टीचा पोहणारा असो त्याला त्या वेळी श्वास रोखता येत नाही आणि तोंड पाण्याखाली असेल तर खेळ तिथेच संपला. नंतरची १० मिनिटं हातापायांची: बोटं बधिर होत जातात, दोरी धरता येत नाही, शिडी चढता येत नाही. आणि शेवटचा १ म्हणजे १ तास, साधारण तेवढ्याने शुद्ध जाते. म्हणजे गंमत बघा, ज्याची सगळे भीती घालतात तो हायपोथर्मिया, म्हणजे अंगाचं तापमान घसरणं, सगळ्यात शेवटी येतो, आणि लाइफजॅकेट नसेल तर तिथपर्यंत माणूस पोचतच नाही. ब्रिटन-आयर्लंडमधली आरएनएलआय ही लाइफबोटवाली संस्था म्हणूनच सांगते की पडलात तर आधी पोहू नका, पाठीवर उताणे तरंगा, श्वास ताब्यात येऊ द्या, मग काय ते करा.

तेव्हा लाइफजॅकेट कॉकपिटमध्ये पाय ठेवायच्या आधी, पाँटूनवरच (तरंगत्या धक्क्यावरच). १५० न्यूटनचं, आपोआप फुगणारं, आणि मांड्यांमधून जाणारा तो पट्टा लावायचाच, लोक लाजतात किंवा कंटाळतात पण तो नसेल तर जॅकेट वर सरकून कानांशी येतं आणि तुम्ही खाली राहता. आतला गॅसचा नळकांडा घट्ट फिरवलेला आहे का ते सीझनला एकदा तरी बघा, सैल होतो. शिवाय स्वतःला बोटीला अडकवायचा हार्नेसचा दोर, आणि तो आखूड. लांब दोराने माणूस बोटीबाहेर जाऊन लोंबकळतो आणि बोटीच्या वेगाने पाण्यात फरफटतो, तो प्रकार फार वाईट. बाहेर जायचंच नाही हा दोराचा उद्देश आहे.

तुम्ही दोघंच असणार म्हणून हे खास: एक जण पडला तर बोटीवर एकच उरतो. त्या एकट्याने ८० किलोचं ओलं माणूस वर कसं घ्यायचं हे दोघांनीही करून बघितलंय का? शिडी पाण्यातून हात वर करून खाली पाडता येते का? बऱ्याच बोटींची येत नाही. कप्प्यांचा (पुलींचा) एक सेट दोरासकट तयार ठेवा आणि एखाद्या रविवारी मरीनातच पाण्याने भरलेली मोठी बॅग उचलायची प्रॅक्टिस करा, शेजारी हसले तर हसू द्या. माणूस बराच वेळ पाण्यात असेल तर शक्यतो आडवा उचला, उभा खेचला की रक्तदाब एकदम कोसळू शकतो. आणि रेडिओवर मेडे, म्हणजे मदतीची हाक, दोघांनाही देता आला पाहिजे, नवऱ्यालाच येतं हे चालणार नाही कारण पडणारा नवराही असू शकतो.

वारा. गार हवा जड असते, शून्याच्या आसपासची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ७ टक्के, म्हणजे मीटरवर तोच १५ नॉट दिसला तरी शिडाला धक्का जास्त बसतो. उन्हाळ्यात जिथे पहिला रीफ घेता, म्हणजे शीड थोडं लहान करता, त्याच्या आधीच घ्या. आणि बधिर बोटांनी रीफ घ्यायला दुप्पट वेळ लागतो हेही धरा, निघायच्या आधी मरीनातच घेऊन निघालात तर उत्तमच, बाहेर गेल्यावर सोडणं केव्हाही सोपं.

दिवस लहान असतो हे माहितीच असेल, पण आकडा डोळ्यांसमोर ठेवा, डिसेंबरअखेर आठ तास, चारला सूर्य गेला. त्यात भरती-ओहोटीचं गणित बसवायचं. उधाणाच्या दिवसांत सोलंटच्या पश्चिम टोकाला हर्स्टच्या अरुंद तोंडातून पाणी ४ नॉट आणि वर धावतं, तुमची २३ फुटी बोट जेमतेम ५ चालते, म्हणजे चुकीच्या वेळी पोचलात तर किनारा जागचा हलत नाही आणि अंधार मात्र येतो. ओहोटी पश्चिमेला वाहते आणि समोरून नैर्ऋत्येचा वारा असला की तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात, पहिल्या हिवाळ्यात तिकडे फिरकूच नका. भांगाचे (भरती-ओहोटी कमी असते ते) दिवस बघा, हाय प्रेशरचा स्थिर दिवस बघा, आणि काउझ किंवा ब्यूली नदीपर्यंत जाऊन जेवून परत या, तेवढं पुरे. अशा शांत रात्रीनंतर सकाळी नदीवर धुकं असतं, ते उठेपर्यंत चहा प्या.

बाकी कपड्यांचं थोडक्यात, कॉटन नको, आत लोकरीचं किंवा थर्मल, मग फ्लीस, वर वॉटरप्रूफ, हातमोज्यांचे दोन जोड कारण एक भिजणारच, आणि आपली माकडटोपी. हसू नका, तिच्याइतकं कान-मान झाकणारं तिथल्या महागड्या चँडलरीत (बोटसामानाच्या दुकानात) मला काही दिसलेलं नाही. डेकवर आणि पाँटूनवर सकाळी दंव गोठलेलं असतं, त्यावर बादलीभर समुद्राचं पाणी ओता, खारं पाणी उणे १.८ अंशांपर्यंत गोठत नाही, दंव लगेच विरघळतं.

आणि मिळतं काय? ऑगस्टमध्ये यार्मथला बोट बांधायच्या जागेसाठी रांग असते, जानेवारीत हवी ती जागा घ्या. न्यूटाउन खाडीत तुम्ही आणि ब्रेंट हंस, ते सैबेरियाकडून खास हिवाळा काढायला येतात, त्यांच्या मानाने हे गरमच आहे.

प्रश्न: मी दापोलीची. मुलगा आणि सून इंग्लंडला असतात, त्यांनी एका मित्राबरोबर छोटी बोट घेतलीय आणि थर्टीफर्स्टला रात्री बोटीतच झोपणार म्हणतात. मी विचारलं थंडीचं काय तर म्हणाला आई गॅस आहे ना, शेगडी चालू ठेवतो, फक्त कधीकधी फार गार पडलं की गॅस मंद होतो. मला बोटीतलं काही कळत नाही पण हे मला बरोबर वाटेना. मी उगाच काळजी करते का?

उत्तर: काकू, तुम्हाला बोटीतलं कळत नाही म्हणता पण नेमकी जागा तुम्हीच पकडलीत. ताबडतोब फोन करा त्याला.

झोपताना शेगडी चालू म्हणजे नाहीच. बंद केबिनमध्ये ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, वास नाही, रंग नाही, डोकं जड होतं आणि झोप येते, आणि थर्टीफर्स्टला डोकं जड झालं तर कोणाला संशय येणार सांगा. जानेवारी २०१४ मध्ये व्हिटबी बंदरात 'एश्कोल' नावाच्या मासेमारी बोटीवर दोन तरुण झोपले होते, ऊब यावी म्हणून गॅसचा ग्रिल चालू ठेवला होता, सकाळी दोघंही गेलेले. बोट बंदरात बांधलेली होती. सरकारी चौकशी झाली, बोटीवर अलार्म नव्हता.

त्याला तीन गोष्टी विचारा. अलार्म आहे का, आणि तो बोटीसाठीचा म्हणजे ईएन ५०२९१-२ लिहिलेला आहे का, घरातला चालत नाही. खिडक्यांचे झरोके उघडे आहेत की थंडी लागते म्हणून कापड कोंबलंय? आणि मरीनात वीज मिळते तर तेलाचा इलेक्ट्रिक हीटर का नाही लावत? कुंडी उलटी करून शेगडीवर ठेवायची म्हणजे हीटर होतो असला जुगाड कोणी सांगितला असेल तर त्याला चांगला झापा, मातीची कुंडी तापते पण ज्योत तीच आणि विषही तेच.

गॅस मंद होतो त्याचं कारण साधं आहे, तिकडचा निळा सिलिंडर ब्युटेनचा असतो आणि ब्युटेन शून्याच्या जरा खाली गेला की वायू व्हायचंच बंद करतो. लाल सिलिंडरमधला प्रोपेन उणे ४२ पर्यंत चालतो. पण तो बदलताना रेग्युलेटर वेगळा लागतो, जाणकार माणसाकडून करून घ्यायला सांगा.

आणखी एक, हे आईनेच सांगावं असं आहे. पार्टी करून रात्री दोनला गोठलेल्या पाँटूनवरून बोटीकडे चालत येणं हे समुद्रात जाण्याइतकंच धोक्याचं आहे, दारूने ऊब वाटते पण अंगातली उष्णता उलट बाहेर जाते. येताना दोघांनी लाइफजॅकेट घालायचं आणि एकट्याने यायचं नाही. तुमच्याकडून पाठवायचंच तर गरम पाण्याची रबरी पिशवी आणि डिंकाचे लाडू पाठवा, दोन्ही कामाचे.

प्रश्न: नौदलाची शिडाची बोट 'तारिणी' मुलींनी केप हॉर्नवरून (दक्षिण अमेरिकेच्या टोकावरून) नेली ती जानेवारीतच ना? मग हिवाळ्याचा एवढा बाऊ कशाला? (अलिबागहून एक वाचक)

उत्तर: हो, २०१८ च्या जानेवारीत, सहा जणी होत्या आणि बोट गोव्यात बांधलेली. पण दक्षिण गोलार्धात जानेवारी म्हणजे उन्हाळा, मोहिमेची आखणीच तशी करतात की हॉर्न उन्हाळ्यात गाठला जावा. त्यांनीसुद्धा तिथला हिवाळा टाळला, एवढंच म्हणेन.

प्रश्न: मुलगी १० वर्षांची, खडकवासल्याला ऑप्टिमिस्ट (मुलांची छोटी शिडाची बोट) शिकते. डिसेंबरात सकाळी ओली होऊन कुडकुडत येते. हिवाळ्यात बंद करू का?

उत्तर: नका करू. तिकडे पहाटे पाणी हवेपेक्षा उबदारच असतं, गारठा लागतो तो ओल्या कपड्यांवरून वारा गेल्याने. कॉटनचा टीशर्ट बंद, त्याऐवजी लायक्रा किंवा पातळ वेटसूट, वर विंडचीटर, आणि त्यावर लाइफजॅकेट. बोट किनाऱ्याला लागली की गप्पा मारत न बसता आधी कोरडे कपडे, मग गरम दूध. कुडकुडणं म्हणजे शरीर आपलं काम करतंय. पण कुडकुडणं थांबलं, मुलगी गप्प गप्प झाली किंवा शब्द अडखळायला लागले तर मात्र ओले कपडे काढून ब्लँकेटमध्ये गुंडाळा, हातपाय चोळू नका, आणि सरळ डॉक्टर गाठा. क्लासची वेळ नऊनंतरची मिळते का तेही विचारून बघा, बहुतेक पालकांना तीच हवी असते पण कोणी बोलत नाही.