आधी डबा बदला, हप्त्याचं मग बघू

ताई, तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. शुक्रवार पेठेत तुमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान. कॉम्प्युटर २०१३ साली असेंबल करून घेतलेला, २०१९ च्या पुरात माळ्यावर चढवून वाचवलेला. आता सकाळी बटण दाबलं की पंखा फिरतो आणि थांबतो. चार-पाचदा दाबल्यावर एकदाचा सुरू होतो, मग दुपारपर्यंत ठीक. लेझर प्रिंटरला मोठं काम दिलं की मध्येच रीस्टार्ट. मेकॅनिक म्हणतो, "ह्याचं आयुष्य संपलं, नवीनच घ्या." नवा बारा 'बिनव्याजी' हप्त्यांत ४८,०००, रोखीनं ४५,५००. नाहीतर मुलीच्या ॲडमिशनसाठी धरलेली भिशी आत्ताच उचलायची, ३,५०० कमी घेऊन. हातात महिन्याला पंधरा हजार पडतात, लग्नसराईचे चार महिने त्याच्या दुप्पट, आणि लग्नसराई तोंडावर आली आहे.

माझं मत सांगतो: हप्ताही नको, भिशीही नको. निदान अजून झालेलंच नाही, आणि निदानाआधी ४८,००० चं औषध कशाला?

तुम्ही सांगितलेली लक्षणं मला ओळखीची वाटली. काही वर्षांपूर्वी माझ्या ऑफिसातला कॉम्प्युटर असाच वागायला लागला. खर्चाआधी दोन रात्री थांबा, असं लोकांना सांगणारा मी त्याच संध्याकाळी नवा घेऊन आलो. जुना भाच्यानं नेला, त्यात दुसरा एसएमपीएस घातला, आणि त्यावर तो पुढं कितीतरी दिवस गेम खेळत होता. तेव्हापासून एवढं तरी शिकून ठेवलं आहे.

एसएमपीएस म्हणजे कॅबिनेटमधला तो पंख्याचा डबा. घरातल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून देतो. त्यातले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून धरणारे छोटे भाग, वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आतून सुकत जातात. थंड असताना ते दम धरत नाहीत, जरा तापले की सावरतात. सकाळी रुसायचं आणि एकदा चालू झालं की दुपारपर्यंत निमूट चालायचं, ही त्याचीच खूण. पण प्रिंटच्या वेळचा रीस्टार्ट कदाचित वेगळाच आहे. तुमचा प्रिंटर यूपीएसवरच लावलाय, असं तुम्ही लिहिलंय. लेझर प्रिंटर कागदावर शाई पक्की करायला आतला रोलर तापवतो, तेव्हा तो काही क्षण आठशे-हजार वॉटपर्यंत खेचू शकतो. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॉटचा. तो बिचारा मान टाकतो आणि सोबत कॉम्प्युटरही जातो. तेव्हा पहिली चाचणी फुकटची: प्रिंटर थेट भिंतीतल्या सॉकेटवर लावा आणि दोन दिवस बघा.

त्याहीआधी एक काम. गिऱ्हाइकांच्या सगळ्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्या. बिघडलेला एसएमपीएस जाता जाता हार्ड डिस्कही घेऊन जाऊ शकतो.

मग मेकॅनिकला म्हणा, "दुसरा चालू एसएमपीएस आणून एक दिवस लावून बघा." मीटर लावणार असेल तर १२ ची लाइन ११.४ च्या खाली जाता कामा नये, आणि हे कॉम्प्युटरवर काम चालू असताना बघायचं, कारण तो नुसताच चालू असेल तर मीटर ठीकच दाखवतो. मदरबोर्डवरचे, म्हणजे कॉम्प्युटरच्या मुख्य बोर्डवरचे, कपॅसिटर फुगलेत का, तेही टॉर्च मारून बघायला सांगा. एसएमपीएसचा डबा मात्र कुणी दुकानात उघडून बसू नये. वायर काढली तरी आत तीनशे व्होल्टच्या आसपास साठा काही वेळ राहतो.

दुसऱ्या डब्यावर कॉम्प्युटर नीट चालला, तर नावाजलेल्या कंपनीचा, तीन-पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस घ्या. दोन ते तीन हजार जातील. सात-आठशेचा पण 'साडेचारशे वॉट' छापलेला डबा घेऊ नका. तुमचा कॉम्प्युटर असेंबल्ड आहे, म्हणजे हाच एसएमपीएस पुढच्या असेंबल्ड मशिनलाही बहुतेक चालेल. हे पैसे जुन्यात बुडत नाहीत. मेकॅनिक "आलोच आहे तर रॅम टाकूया, एसएसडी टाकूया" म्हणेल. त्याला चहा पाजा आणि नको म्हणा. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे नेहमीचे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि २०१३ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. त्यामुळं या मशिनला सीझन पार करून द्यायचा, त्यापलीकडं लाड नाहीत. बँकेचे व्यवहारही त्यावर नकोत.

आता त्या 'बिनव्याजी' हप्त्याचं. रोखीत ४५,५०० ची वस्तू ४८,००० ला घेता, तेव्हा व्याज किमतीत लपलेलं असतं. वर्षाला सुमारे १० टक्के पडतं. त्यात प्रोसेसिंग फी ५०० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी धरला, तर साडेबाराच्या आसपास जातं. दुकानदार म्हणतो, टॅक्समध्ये वाचतील. ताई, तुमच्या उत्पन्नावर टॅक्स बसतच नाही, मग वाचणार काय?

नवा कॉम्प्युटर लागणार आहेच, त्याचे पैसे सीझनमध्येच बाजूला काढा. चार महिने ६,००० आणि पुढचे सहा महिने २,०००, असे दहा महिन्यांत ३६,००० होतात. ते वेगळ्या बचत खात्यात राहू द्यात, गल्ल्यात नकोत. मॉनिटर, कीबोर्ड आणि नवा एसएमपीएस तुमच्याकडं असेल, तर तेवढ्यात कामापुरतं मशिन बसवता येईल.

चाचणीत मदरबोर्डच गेलेला निघाला, तर माझं उत्तर बदलतं. लग्नपत्रिकांच्या दिवसांत दुकान आठवडाभर बंद ठेवणं हप्त्याच्या व्याजापेक्षा महाग आहे. तेव्हा हप्ता घ्या, पण सीझनच्या चार महिन्यांत जास्तीत जास्त फेडून टाका. मुदतीआधी फेडायला दंड किती, ते सही करण्याआधी विचारा. वॉरंटी देणारं जुनं, पण विंडोज ११ चालेल असं, म्हणजे इंटेलच्या आठव्या पिढीच्या किंवा पुढच्या प्रोसेसरचं मशिन मिळालं तरी चालेल. भिशीला मात्र तेव्हाही हात लावू नका. जूनमध्ये कॉलेजची फी थांबणार नाही.

आणि पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. ते मशिनचं म्हातारपण नाही, दुकानाला अर्थिंग नसावं किंवा तुटलेलं असावं. बाकी सगळं थांबलं तरी चालेल, वायरमनला उद्याच बोलवा.