चर्चच्या हॉलमध्ये प्राथमिक शाळा काढायची आहे, सुरुवात कुठून करावी?

परवानगीचं आधी उरकतो. नवी शाळा म्हणजे २०१२ चा स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा कायदा. अर्ज नोंदणीकृत ट्रस्टच्या किंवा संस्थेच्या नावाने जातो. जागेचे कागद आजच काढून बघा. चर्चची इमारत बहुतेकदा वरच्या ट्रस्टच्या नावावर असते, तुमच्या मंडळीच्या, म्हणजे स्थानिक चर्च-सभासदांच्या, नाही. आमचं दीड वर्ष त्या एका ना-हरकत पत्रात गेलं.

आता तुम्ही न विचारलेलं. शाळा कुणासाठी?

पूर्व उपनगरातल्या आमच्या मंडळीने शाळेसाठी पैसा उभा केला तो हंगामाच्या सणाच्या, म्हणजे चर्चमधल्या सुगीच्या सणाच्या, लिलावातून. एक लाल भोपळा सहा वेळा विकला गेला. घेणारा पैसे भरायचा आणि भोपळा पुन्हा टेबलावर ठेवायचा. सातव्यांदा हॉल झाडणाऱ्या मावशींनी साठ रुपये बोलले. त्या मंडळीतल्या नव्हेत, मागच्या वस्तीतल्या. आधीच्या बोली हजाराच्या, पण पाळकसाहेबांनी पुढची बोली लावूच दिली नाही. मावशी भोपळा घरी घेऊन गेल्या.

त्यांचा नातू आमच्या बालवाडीत दोन वर्षं बसला. पहिलीला फी आली, तिथे अडलं. मी शिक्षण हक्क कायद्यातल्या (आरटीई) गरीब मुलांसाठीच्या पंचवीस टक्के जागांचा विषय काढला. आमचे दाजी तेव्हा खजिनदार. त्यांनी अल्पसंख्याक दर्जाचं प्रमाणपत्र टेबलावर ठेवलं. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई लागू नाही, म्हणजे पंचवीस टक्केही नाहीत. कायद्याने ते बरोबर होते. मतदान झालं, सात विरुद्ध दोन. दुसरं मत एका निवृत्त बाईंचं. पोरगा महापालिकेच्या शाळेत गेला, तिथे उत्तम शिकतोय, तो मुद्दाच नाही.

दाजी म्हणाले, "शाळा आपल्या मुलांसाठी आहे." अहो दाजी, अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली, १८१५ मध्ये त्यांनी शाळा काढली, १८२४ मध्ये मुलींची. तेव्हा 'आपली' मुलं होती कुठे? आपली घराणी शिकली ती असल्याच शाळांत, आणि बसली तेव्हा बाहेरचीच होती!

म्हणून ट्रस्टची घटना लिहितानाच कलम घाला: दर वर्गात पाव जागा शेजारच्या वस्तीसाठी. तीसच्या वर्गात सात-आठ मुलं होतात, आभाळ कोसळत नाही. प्रमाणपत्र हातात आल्यावर मतदान घ्याल तर हराल.

प्रमाणपत्र घेऊ नका असं नाही हं. जरूर घ्या, राज्यघटनेतल्या कलम ३० चा हक्क आहे, कारभारात उपयोगी पडतो. आणि दाजींचं एक खरं होतं: फी भरणारे पालक नसतील तर बाईंचे पगार निघत नाहीत, आणि पंचवीस टक्क्यांचे सरकारी पैसे शाळांना वेळेवर मिळत नाहीत. या जागांचा खर्च मंडळीनेच उचलायचा, भोपळे विकून.

माध्यम मराठी की इंग्रजी हे वेगळं विचारा. त्यावरून आमच्याकडे नाताळचं जेवण अर्धवट राहिलंय.