बटेर पाळा, पण येऊरच्या डोंगरात सोडू नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: मुलुंडला घराच्या गच्चीवर चाळीसेक बटेर आहेत, इनक्युबेटर आणल्यापासून पिल्लं आवरेनात, तर जास्तीची मागच्या डोंगरात सोडावीत का? पक्षीवाल्याने 'फार्मची आहेत' म्हणून गळ्यात मारलेली तितराची जोडी ठेवली तर चालेल का? आणि पुढेमागे मुरबाडच्या जागेत इंग्लंडसारखे फेजंट (लांब शेपटीचे, कोंबडीच्या कुळातले पक्षी) वाढवून रानात सोडायचे, असा बेत. वर एकाने 'फार्मचा पक्षी म्हणजे कोंबडीच' असं लिहिलंय, दुसऱ्याने 'सोडून द्या, पुण्य लागेल'. दोघांचंही ऐकू नका.

आधी तितरं, कारण घाई तिथेच आहे. वन्यजीव (संरक्षण) कायदा १९७२ मध्ये 'बंदिस्त प्राणी' याची व्याख्या करतानाच पकडलेला, ठेवलेला किंवा बंदिवासात पैदास झालेला असे तिन्ही प्रकार धरलेत. म्हणजे अंडं पिंजऱ्यातच फुटलं असलं तरी अनुसूचीतला, म्हणजे कायद्याच्या संरक्षित यादीतला, पक्षी हा अनुसूचीतलाच. आपला राखी तितर अनुसूचीत आहे. शिवाय फार्म-बिर्म हे बहुतेक वेळा बोलायचं काम. शेताच्या बांधावर फासे लावून धरलेली पाखरंच शहरात 'फार्मची' म्हणून विकली जातात. चोच पिंजऱ्याच्या जाळीवर घासून सोललेली असेल, माणूस जवळ आला की पक्षी कोपऱ्यात दबून बसत असेल, तर तो रानातून आलाय असं समजा. दुकानदाराने चिठ्ठीवर 'देसी मुर्गी २ नग' लिहून दिलं असेल तर त्या चिठ्ठीला काडीची किंमत नाही.

असा पक्षी कायद्याने सरकारी मालमत्ता ठरतो, आणि हातात आल्यापासून ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनखात्याच्या अधिकाऱ्याला कळवायचं असतं. ती मुदत तुमची उलटून गेली असणार, तरी आजच राज्य वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि जे घडलं ते सरळ सांगा. आपणहून दिलेला पक्षी आणि धाडीत सापडलेला पक्षी यांत किती फरक पडतो, ते वेगळं सांगायला नको. २०२२ च्या दुरुस्तीनंतर साध्या गुन्ह्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. पहिल्या अनुसूचीतला प्राणी असेल तर कैद किमान तीन वर्षांची, सातपर्यंत जाणारी. आणि कृपा करून ती जोडी घाबरून स्वतः नेऊन सोडू नका. पंखांची ताकद गेलेला तितर रानात मुंगसाच्या तोंडी जातो.

चकोराचंही तेच. तो हिमालयातला आपलाच पक्षी, तेव्हा कोणी 'इम्पोर्टेड चकोर' म्हणून दाखवला तर पुढे चला.

आता बटेर. तुमच्याकडे आहे ती जपानी जात असावी. १९७४ च्या सुमारास बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या संशोधन केंद्रासाठी ती अमेरिकेतून आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. मध्ये घोळ झाला होता: २०११ मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने नव्या फार्मना परवाने थांबवले, धंदेवाल्यांनी आरडाओरडा केला, आणि २०१३ च्या शेवटी पाळीव जपानी बटेराला वन्यजीव कायद्याच्या कचाट्यातून मोकळीक मिळाली. त्यामुळे पाळायला हरकत नाही. अडचण वेगळीच आहे. जपानी बटेर आणि हिवाळ्यात आपल्याकडे येणारी रानटी लावा, म्हणजे रानातला बटेर, पिंजऱ्यात शेजारी ठेवली तर भलेभले चकतात. नाक्यावर तुमची टोपली उघडणाऱ्या वनरक्षकाने चटकन ओळखावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून हॅचरीचं पक्कं बिल, त्यावर 'जपानी' हा शब्द, पिल्लांची संख्या आणि तारीख हवी, आणि ने-आण करताना ते बिल पक्ष्यांबरोबर हवं. घरी वाढलेल्या पिल्लांची नोंद वहीत ठेवा. पांढरी किंवा फिकट पिवळसर जात घेतलीत तर हा प्रश्नच उरत नाही, रानात असा पक्षी दिसत नाही.

रानात सोडायला मात्र माझा ठाम नकार. मुलुंडच्या मागचा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, येऊर ही त्याची ठाण्याकडची बाजू. अभयारण्याच्या हद्दीपासून पाच किलोमीटरच्या आतल्या पाळीव जनावरांच्या लसीकरणाची तरतूद कायद्यातच आहे, आणि त्यात कोंबड्या-बदकंही धरली आहेत. कारण उघड आहे: गच्चीवरचा रोग डोंगरात जाऊ नये. मानमोडी ऊर्फ राणीखेत ही कोंबड्यांची साथ तुमच्या कळपात नुसती रेंगाळत असेल, पक्षी वरून ठणठणीत दिसत असतील, तरी तिथल्या चकोत्र्यांना (तितराच्या कुळातले रानपक्षी) आणि मोरांना ती नवी असते. बर्ड फ्लूचं तर आपल्या राज्याला सांगायलाच नको. देशातला पहिला उद्रेक २००६ मध्ये नंदुरबारच्या नवापूरला झाला, आणि तिथल्या कोंबडीपालकांनी काय सोसलं ते त्यांनाच विचारा.

दुसरं कारण रक्ताचं. जपानी बटेर आणि रानटी लावा यांचा संकर होतो, पिल्लंही धडधाकट निपजतात. स्पेन, फ्रान्स, इटलीत शिकारीसाठी पाळीव बटेर सोडले गेले आणि रानटी लावांत त्यांचं रक्त मिसळल्याचं तिथल्या अभ्यासांत दिसलं. संकरित पक्ष्यांत स्थलांतराची ओढ कमी पडते, हा त्यातला खरा धोका. २०२२ च्या दुरुस्तीने केंद्राला परक्या आक्रमक जातींवर बंदी घालायचे अधिकारही दिलेत. आणि पुण्याचं म्हणाल तर पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली ही जात अंडी उबवायचंसुद्धा विसरली आहे. एखाद्याच दिवसात कावळे, मांजरं, शिक्रा तिचा फडशा पाडतात. त्यात पुण्य कसलं आलंय!

इंग्लंडचे व्हिडिओ मीही बघतो. तिथला हिशेब निराळा: फेजंट पिंजऱ्यात असेपर्यंत मालकाचा, सोडला की रानटी, आणि १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी त्याची कायदेशीर शिकार. आपल्याकडे शिकारीचे परवाने १९९१ च्या दुरुस्तीनेच संपले, मग सोडायचं कशासाठी? शिवाय तिथेही वाटेल तसं सोडता येत नाही. महत्त्वाच्या संरक्षित क्षेत्रांत किंवा त्यांच्यापासून ५०० मीटरच्या आत सोडायचं तर परवाना लागतो, आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून इंग्लंड-वेल्समध्ये एक कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली आहे. मुरबाडला शोभेचे विदेशी फेजंट बंदिस्त ठेवायचे असतील तर आधी ती जात कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या जातींच्या यादीत, आहे का बघा. असेल तर २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 'परिवेश' पोर्टलवर नोंदणी करावी लागते. मोनाल, कालिज हे आपले हिमालयातले, त्यांचा विचारही नको.

मग जास्तीच्या पक्ष्यांचं काय? इनक्युबेटर बंद करा, अंडी खा. अंडं साधारण १७-१८ दिवसांत फुटतं, म्हणजे या महिन्यात भरलेली बॅच पुढच्या महिन्यात डोक्यावर बसते. तिसऱ्या आठवड्यात छाती बघा: विटकरी रंग एकसारखा म्हणजे नर, ठिपके म्हणजे मादी. तीन माद्यांमागे एक नर ठेवा, बाकीचे पाचव्या-सहाव्या आठवड्यात हॅचरीवाल्याला परत द्या नाहीतर परवानाधारक चिकनवाल्याला विका. कापायला जीव धजावत नसेल तर अंडी उबवायलाच ठेवू नका. हे ऐकायला कठोर वाटेल, पण जास्तीचा नर माद्यांची डोकी टोचून रक्तबंबाळ करतो, ते बघणं जास्त वाईट.

पिंजऱ्याचं तेवढं एक. दचकलेला बटेर धावत नाही, सरळ वर उसळतो आणि छताला डोकं आपटतो. कवटीवरची कातडी सोलून निघते. तेव्हा छत एक तर फूटभरच उंच, म्हणजे वेग घ्यायला जागा नाही, नाहीतर सहा फुटांच्या वर, आणि पत्र्याखाली मासेमारीचं जुनं मऊ जाळं ताणून बांधा. पावसाळ्यात खाली पसरलेलं तूस ओलं होऊन त्याचे गठ्ठे व्हायला लागले की त्याच दिवशी काढा. नाक खुपसल्यावर डोळ्यांत पाणी आलं तर रक्ती हगवण दाराशी आलीच म्हणून समजा. सोसायटीचं पत्र, शेजाऱ्यांची कुरबुर वगैरे नंतर लिहितो. आधी तितरांचा फोन करा.