बदकाची पिल्ले पाय टाकत नाहीत

प्रश्न : चोपड्याच्या बाजारातून आठ दिवसांपूर्वी बदकाची सहा पिल्ले आणली. मक्याचा भरडा आणि भुईमुगाची ढेप देतो. दोन पिल्ले पाय फाकवून बसतात, खात नाहीत. काय करावे?

उत्तर : ढेप आजच बंद करा. तिच्यातल्या बुरशीचे विष, अफलाटॉक्सिन, बदकाच्या पिल्लांना कोंबडीच्या पिल्लांपेक्षा फार लवकर मारते आणि त्यावर उतारा नाही. डोळ्यांना बुरशी दिसली नाही तरी धोका असतोच.

पाय अधू होण्याचे नेहमीचे कारण नायसिन या ब जीवनसत्त्वाची कमतरता. मक्यातले नायसिन पिल्लांना फारसे लागू पडत नाही. चिक स्टार्टर, म्हणजे कोंबडीच्या लहान पिल्लांचे तयार खाद्य द्या, वाटीभर खाद्यात दीड मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) मिसळा. खाली वर्तमानपत्र नको, पाय घसरतात, गोणपाट अंथरा.

आजारी दोघे बाकीच्यांपासून वेगळे, पण एकमेकांसोबतच ठेवा. एकटे पिल्लू ओरडून ओरडून थकते. दिव्याखाली ३० अंश ऊब हवी. चोच उघडी टाकून धापा टाकत असतील तर दिवा वर घ्या. पाणी नाकपुड्या बुडतील इतके खोल द्या, पोहायला मात्र सोडू नका.

मान मागे ताणून पाय झाडत असतील, तर त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.